नोंदणी कक्षातील धूळ आणि झेरॉक्स मशीनची डिस्क

शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभाग आणि देणग्या यांचा आढावा या अहवालात अन्यत्र आलेला आहेच. येथे आम्ही नोंदणी कक्षाच्या कोपऱ्यातील झेरॉक्स मशीनविषयी लिहीत आहोत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. या सवलतीसाठी शिधापत्रिका अथवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती घ्याव्या लागतात. गरजू कुटुंबाची सर्वांत खाजगी माहिती अशा रीतीने प्रथम या यंत्रातून जाते.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, हे यंत्र बंद पडले. त्यातील हार्ड डिस्क निकामी झाली होती. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञांनी नवी डिस्क बसविली आणि जुनी आपल्या पिशवीत ठेवली. तेव्हा नोंदणी कक्षातील आमच्या एका भगिनीने विचारले, "या जुन्या डिस्कचे पुढे काय होते?" त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याजवळही नव्हते. ती डिस्क आम्ही ठेवून घेतली आणि या विषयाचा अभ्यास सुरू केला.

यंत्रात काय साठते?

जुनी झेरॉक्स यंत्रे प्रकाश आणि आरसे यांच्या साहाय्याने थेट प्रत काढीत. आजची डिजिटल यंत्रे आधी कागदाचे चित्र टिपतात आणि मग छापतात. टेबलावरील लहान यंत्रांत बहुधा डिस्क नसते. परंतु कार्यालयीन वापराच्या अनेक मोठ्या यंत्रांत ती असते, आणि मांडणीनुसार ही चित्रे तिच्यावर उतरतात. काम संपले तरी, त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत त्यांचा माग उरू शकतो. २०१० साली अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीने न्यू जर्सीतील गोदामातून चार जुनी यंत्रे विकत घेतली. त्यांपैकी एकाच्या डिस्कवर एका आरोग्य योजनेच्या सभासदांच्या वैद्यकीय नोंदींची सुमारे ३०० पाने आढळली. २०१३ साली त्या योजनेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण मिटवावे लागले.

धूळ नेमके काय करते?

धूळ डिस्कमध्ये शिरते, असा आमचाही समज होता. वास्तव थोडे निराळे आहे. डिस्कची तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि वाचणारे टोक तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाची जाडीच सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते. म्हणूनच डिस्कचे कवच बंद असते आणि तिच्या श्वासछिद्रालाही गाळणी असते. ते कवच कोणीही उघडू नये.

धुळीचा घाव बाहेरून बसतो. पंखा आणि हवेच्या जाळ्या तुंबतात. कागदावर शाई पक्की करणारा रूळ आतमध्ये सतत तापलेला असतो. ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि शेजारची डिस्क तापत राहते. बाहेरच्या धुळीत कागदाचा भुगा आणि टोनरची अतिसूक्ष्म पूड यांची भर पडते. पावसाळ्यात हाच थर ओलावा धरतो आणि विद्युत मंडलावर चिकटून बसतो.

आमच्या घाटकोपर परिसरात धुळीला तोटा नाही. जुन्या इमारतींचा पुनर्विकास, लालबहादूर शास्त्री मार्गावरील वाहतूक आणि मेट्रो-४ चे बांधकाम यांमुळे पावसाळा सरला की खिडकीच्या कठड्यावर दिवसभरात थर जमतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, ओले आच्छादन व पाण्याची फवारणी यांविषयी नियम घालून दिले. तथापि, आपल्या खोलीची काळजी आपणच घ्यावयास हवी.

आम्ही काय बदलले?

यंत्र रस्त्याकडील खिडकीपासून हलविले आणि मागे वीतभर मोकळी जागा ठेवली. त्या खोलीत आता केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसली जाते. जाळ्यांवरील धूळ यंत्र बंद करून, घट्ट पिळलेल्या कापडाने टिपली जाते. ब्लोअर वापरीत नाही, कारण त्याने धूळ आत ढकलली जाते. सांडलेला टोनर थंड पाण्याच्या ओलसर कापडाने उचलतो. गरम पाण्याने तो वितळून चिकटतो, आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून ती पूड पुन्हा खोलीत पसरते. यंत्रावरील आच्छादन ते थंड झाल्यावरच घातले जाते. यंत्र आधी पॅनेलवरून व मगच भिंतीवरील बटणाने बंद केले जाते. दसऱ्याला यंत्रपूजा होते. फुले आणि हळद-कुंकू मात्र जाळीपासून दूर, आणि उदबत्ती खोलीबाहेर.

दुसरा भाग माहितीच्या रक्षणाचा. डिस्कवरील मजकूर सांकेतिक करण्याची आणि प्रत्येक कामानंतर तो पुसण्याची सोय यंत्रात होतीच. ती आम्ही सुरू केली. स्कॅन केलेले कागद रोज रुग्णालयाच्या संगणकात हलविले जातात. जुनी डिस्क रुग्णालयातच राहील, असे कलम दुरुस्तीच्या करारात घातले आहे. तिचा अनुक्रमांक नोंदवहीत लिहून दोघांच्या समक्ष ती नष्ट केली जाते आणि त्यानंतरच ई-कचऱ्यात जाते. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. परंतु रुग्णाचे गुपित राखण्याचा वैद्यकीय धर्म त्याहून कितीतरी जुना आहे.

यासाठी वेगळा निधी लागला नाही. लागले ते एक फडके, एक नोंदवही आणि एका भगिनीने योग्य वेळी विचारलेला प्रश्न. आमच्या हितचिंतकांपैकी अनेकांची कार्यालये, दुकाने आणि शाळा याच उपनगरांत, याच धुळीत आहेत. आपल्या यंत्रात डिस्क आहे काय, तिची हवा मोकळी आहे काय आणि ती बदलली तर जुनी कोठे जाते, एवढे त्यांनी एकदा पाहावे, ही नम्र विनंती.