तज्ज्ञमतसंकलन : एका लेखनप्रकाराचे स्वरूप, पूर्वपरंपरा आणि कसोट्या

एखादा प्रश्न निश्चित करावयाचा, तो त्या विषयातील वीस-पंचवीस जाणकारांकडे पाठवावयाचा, त्यांची पाच-दहा ओळींची उत्तरे नाव, परिचय व छायाचित्रासह एकाखाली एक मांडावयाची आणि आरंभी एक छोटे प्रास्ताविक जोडावयाचे, अशा रीतीने सिद्ध होणारे लेख महाजालावर आज विपुल प्रमाणात आढळतात. इंग्रजी व्यवहारात या प्रकारास 'एक्स्पर्ट राउंडअप' असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'तज्ज्ञमतसंकलन' हा शब्द योजला आहे. आपल्या संकेतस्थळाकडे इतर संकेतस्थळांचे दुवे यावेत आणि त्या वाटेने वाचकांची वर्दळ वाढावी, हा या लेखनाचा उघड हेतू असतो. त्यामुळे जाहिरातशास्त्राचा विषय म्हणून साहित्याभ्यासकांनी त्याकडे सामान्यतः दुर्लक्षच केले आहे.

तथापि हा प्रकार महाजालाने जन्मास घातलेला नाही. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा वाङ्मयीन इतिहास आहे, आणि आज विद्यापीठीय विभाग, नियतकालिके व अनुवाद-प्रकल्पही त्याचा अवलंब करू लागले आहेत. तेव्हा हा प्रकार कसा घडतो, दुव्याच्या अपेक्षेने त्यात कोणता पालट होतो आणि अभ्यासाचे साधन म्हणून तो विश्वसनीय कसा करता येईल, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

१. दुव्याचे मूल्य

दुव्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी 1998 या वर्षाकडे जावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी त्या वर्षी 'पेजरँक' ही पद्धती मांडली. गूगल या शोधयंत्राची उभारणी तिच्यावरच झाली. एखाद्या पानाकडे किती पाने निर्देश करतात आणि निर्देश करणारी पाने स्वतः किती महत्त्वाची आहेत, यांवरून त्या पानाचे वजन ठरवावयाचे, असे या पद्धतीचे थोडक्यात सूत्र आहे. संशोधकांना ही कल्पना परकी वाटू नये. यूजीन गारफील्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'पासून (1964) शोधनिबंधाचे वजन त्याला मिळालेल्या संदर्भोल्लेखांवरून मोजण्याची रीत रूढ होत गेली. दुवा म्हणजे महाजालावरील संदर्भोल्लेखच होय.

तज्ज्ञमतसंकलन हे या मोजणीशी थेट जुळते. संकलकाला स्वतःला फारसे लिहावे लागत नाही. तीस जणांनी शंभर शंभर शब्द दिले की तीन हजार शब्दांचा लेख उभा राहतो. तो प्रसिद्ध होताच सहभागी व्यक्तींना कळविले जाते. आपले नाव जाणकारांच्या पंक्तीत आले याचा आनंद स्वाभाविक असतो. त्यांपैकी काही जण आपल्या संकेतस्थळावर त्याचा उल्लेख करतात आणि दुवा देतात. व्यवसायातील मंडळी याला 'एगोबेट', म्हणजे अहंतेला लावलेले आमिष, असे मोकळेपणाने म्हणतात.

दुव्याला किंमत आली की दुव्यांचा बाजार उभा राहणे अटळ होते. त्याला आळा घालण्याचे प्रयत्न शोधयंत्रांनी वारंवार केले. 2005 मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली. ज्या दुव्याची आपण शिफारस करीत नाही, त्यावर संकेतस्थळाच्या चालकाने ती खूण करावी आणि शोधयंत्राने तो दुवा मोजणीतून वगळावा, अशी ती योजना होती. 2012 मधील 'पेंग्विन' या सुधारणेने कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर चढलेली पाने मोठ्या प्रमाणावर खाली आणली. 'तुम्ही आमचा दुवा द्या, आम्ही तुमचा देतो' अशा देवघेवीचा अतिरेक गूगलच्या नियमांत आज गैरप्रकारात जमा होतो. म्हणजे निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही टिकाऊ ठरतो तो दुवा वाचकाने आपणहून दिलेला. असा दुवा संकलनास केव्हा मिळतो, याचे उत्तर या प्रकाराच्या पूर्वपरंपरेत सापडते.

२. पूर्वपरंपरा

1891 मध्ये पॅरिसच्या 'लेको द पारी' या दैनिकात ज्यूल ह्यूरे या पत्रकाराने साहित्याच्या उत्क्रांतीविषयीची पृच्छा क्रमशः प्रसिद्ध केली. निसर्गवाद संपला का, प्रतीकवाद टिकेल का, पुढे काय येणार, असे प्रश्न घेऊन तो लेखकांना भेटला. चौसष्ट लेखकांच्या मुलाखती व पत्रे तिच्यात आली. त्यांत झोला, मालार्मे आणि व्हर्लेन होते. झोलाचा शिष्य पॉल अलेक्सी याने तारेने उत्तर पाठविले, आणि निसर्गवाद मेलेला नाही असे कळविणारी ती तार पुढे वाङ्मयेतिहासात प्रसिद्ध झाली. पुस्तकरूप देताना ह्यूरेने उत्तरदात्यांची मांडणी संप्रदायवार केली. परंतु प्रस्तावनेत त्याने दुसरेही एक वर्गीकरण सुचविले. ते स्वभावानुसार होते: आशीर्वाद देणारे सौम्य, आंबट-तिखट, मुष्टियुद्धाचा पवित्रा घेणारे, आणि असेच आणखी काही. साहित्यिक मतभेद कोणत्या सुरात व्यक्त होतात हेही संकलनातून कळते, हे त्याने ओळखले होते.

1919 मध्ये ब्रतों, आरागाँ आणि सूपो यांच्या 'लितेरात्यूर' या नियतकालिकाने 'आपण का लिहिता?' एवढाच प्रश्न लेखकांना विचारला. उत्तरे छापताना संपादकांनी आपल्या पसंतीचा उलटा क्रम लावला. त्यांना सर्वांत कमी रुचलेली उत्तरे आधी आणि रुचलेली शेवटी. लेखकांची प्रतिष्ठा या क्रमात गौण ठरली. उत्तरांचा क्रम हीच संपादकाची टीका होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडील परंपरा याहून किंचित निराळी दिसते. रवींद्रनाथांच्या सत्तरीनिमित्त 1931 मध्ये रामानंद चटर्जी यांच्या संपादनाखाली निघालेला 'गोल्डन बुक ऑफ टागोर' हा देशोदेशींच्या मान्यवरांचे लेखन एकत्र आणणारा ग्रंथ होय; पण त्याचा हेतू गौरवाचा आहे, पृच्छेचा नाही. मराठीत का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंकाचा पायंडा पाडला, आणि पुढे दिवाळी अंकांतील परिसंवाद हे एका प्रश्नावर अनेकांची मते मिळविण्याचे आपले परिचित स्थान झाले. गौरवग्रंथात निमंत्रिताचा सन्मान असतो, तर परिसंवादात प्रश्नाला अग्रक्रम मिळतो. आजच्या तज्ज्ञमतसंकलनात हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले आहेत. त्यांपैकी कोणता वरचढ ठरतो यावर त्याचा दर्जा अवलंबून राहतो.

३. स्पेन, 1937 : गाळलेल्या उत्तराचा प्रश्न

या प्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच वेळी दाखविणारे उदाहरण स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळातील आहे. 1937 च्या जूनमध्ये नॅन्सी क्युनार्ड यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधील लेखकांकडे एक प्रश्नपत्रिका गेली. तिच्यावर ऑडन, स्पेंडर, नेरुदा, आरागाँ, त्झारा आदींची नावे होती. आपण प्रजासत्ताकाच्या बाजूचे की विरोधी, फ्रँको आणि फॅसिझमच्या बाजूचे की विरोधी, असा तिचा रोखठोक प्रश्न होता आणि यापुढे तटस्थता शक्य नाही असे तिच्यातच बजावले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस 'लेफ्ट रिव्ह्यू'ने 'ऑथर्स टेक साइड्स ऑन द स्पॅनिश वॉर' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. सुमारे दीडशे उत्तरांपैकी प्रचंड बहुमत प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते. विरोधात अवघे पाच जण होते. इव्हलिन वॉ त्यांपैकी एक. तटस्थांत एलियट आणि एझरा पाउंड होते. प्रजासत्ताकाच्या बाजूने लिहिणाऱ्यांत आपले मुल्कराज आनंदही होते. बेकेटने तर सलग जोडलेल्या एकाच शब्दात उत्तर दिले.

आज ही पुस्तिका अभ्यासकाला मोलाची वाटते ती या विविधतेमुळे. विरोधकांना जागा मिळाली, तटस्थता शक्य नाही म्हणणाऱ्या संपादकांनी तटस्थांचा स्वतंत्र विभाग केला आणि वर्गीकरणात न बसणारे बर्नार्ड शॉ यांचे उत्तर वेगळे ठेवले. एवढी प्रामाणिकता आजच्या पुष्कळशा संकलनांत आढळत नाही.

मात्र एक उत्तर तिच्यात नाही. जॉर्ज ऑर्वेल 1936 च्या डिसेंबरात स्पेनला गेले होते, पोउम या पक्षाच्या दलात आघाडीवर लढले होते आणि 1937 च्या मे महिन्यात त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती. नंतर त्याच प्रजासत्ताकाच्या राजवटीत पोउमवर झालेली दडपशाही त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. प्रश्नपत्रिका हाती पडताच त्यांनी अत्यंत संतप्त उत्तर पाठविले. त्यांचा राग प्रश्नाच्या दोनच बाजू मानण्यावर होता. ते उत्तर पुस्तिकेत छापले गेले नाही. त्यांना जे सांगावयाचे होते ते 1938 च्या 'होमेज टू कॅटलोनिया' या पुस्तकातून सविस्तर पुढे आले.

निमंत्रितांपैकी बहुतेकांनी स्पेनमधील युद्ध वर्तमानपत्रांतून जाणले होते, आणि ज्याने ते खंदकात राहून जाणले त्याचे मत संकलनातून निसटले, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. प्रश्नाची चौकट जो स्वीकारतो त्याचेच उत्तर चौकटीत बसते, आणि विषयाशी ज्याचा संबंध सर्वांत निकटचा आहे त्यालाच चौकट मोडावीशी वाटण्याचा संभव अधिक असतो. हा धोका कोणत्याही संकलनात असतो.

४. दुव्याच्या अपेक्षेने होणारा पालट

दुव्याच्या अपेक्षेने हा धोका वाढतो. ह्यूरेच्या पृच्छेचे वाचक 'लेको द पारी'चे होते. दिवाळी अंकातील परिसंवादाचे वाचक त्या अंकाचे असतात. नियतकालिकाजवळ वाचक असतो आणि त्याच्यासमोर येण्यासाठी लेखक निमंत्रण स्वीकारतो. महाजालावरील संकलनात ही दिशा उलटते. संकलकाजवळ वाचक नसतो. निमंत्रिताने आपले वाचक बरोबर घेऊन यावेत अशी अपेक्षा असते. परिणामी 'या विषयातले सर्वांत अधिक कोणाला कळते?' या प्रश्नाची जागा 'सर्वांत अधिक अनुयायी कोणापाशी आहेत?' हा प्रश्न घेतो.

याचे परिणाम मजकुरातही उमटतात. कोणी दुखावू नये म्हणून प्रश्न सर्वसाधारण ठेवला जातो. उत्तरे परस्परांशी बोलत नाहीत, कारण ती एकमेकांना दाखविलेली नसतात आणि संकलकही त्यांची तुलना करीत नाही. तुलना केली तर कोणाचे तरी मत उणे ठरेल आणि एक दुवा हातचा जाईल. भारतीय भाषांच्या संदर्भात हानी आणखी खोल आहे. बोलींचे जाणकार, मौखिक परंपरेतील कलावंत, एकाच गावी राहून कोशकार्य करणारे अभ्यासक, यांच्यापैकी अनेकांचे स्वतःचे संकेतस्थळच नसते. दुव्याच्या हिशेबात ते शून्य ठरतात.

५. संकलकासाठी काही कसोट्या

असे असूनही हा प्रकार त्याज्य मानण्याचे कारण नाही. विखुरलेला अनुभव अल्पावधीत एकत्र आणण्याचे ते समर्थ साधन आहे. पुढील पथ्ये पाळल्यास ते अभ्यासाच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट प्रश्नाची. 'अनुवादाचे भवितव्य काय?' या प्रश्नाला कोणीही, काहीही उत्तर देऊ शकतो. याउलट, दलित आत्मकथनांच्या अनुवादकांना 'मूळ बोलीतील कोणता शब्द आपण अनुवादात तसाच ठेवला आणि का?' असे विचारले, तर ज्याने ते काम केले आहे तोच उत्तर देईल. मराठी 'बलुतं' (1978), तमिळ 'करुक्कु' (1992) आणि हिंदी 'जूठन' (1997) या तिन्ही ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. तीन भाषांतील अशी उत्तरे शेजारी शेजारी आली तर तौलनिक अभ्यासाची सामग्रीच हाती येईल, आणि अशा पानाचा संदर्भ अभ्यासक आपणहून देतील.

दुसरी गोष्ट निमंत्रणाची. ज्यांना लेखी उत्तर देणे सोयीचे नाही त्यांच्याकडे ह्यूरेप्रमाणे प्रत्यक्ष जावे. उत्तर कोणत्या भाषेत मिळाले आणि अनुवाद कोणाचा, हे नोंदवावे. किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले व किती जणांनी नाकारले, हे आकडे वाचकासमोर ठेवावेत. प्रश्नच अमान्य करणारे उत्तर आले, तर लेखकाच्या संमतीने ते अवश्य छापावे.

तिसरी गोष्ट मांडणीची. उत्तरांचा क्रम कोणत्या तत्त्वाने लावला ते सांगावे. शेवटी संकलकाने स्वतःचे विवेचन जोडून मते कोठे जुळतात, कोठे फाटतात आणि का, हे दाखवावे. या विवेचनावाचून संकलन म्हणजे नुसती यादी राहते. प्रत्येक उत्तराला दिनांक व स्वतंत्र निर्देशस्थान द्यावे, म्हणजे तेवढ्याच उत्तराचा संदर्भ देणे सोपे जाते.

चौथी गोष्ट खातरजमेची. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून शंभर शब्दांचे सफाईदार मत क्षणात यंत्राकडून लिहवून घेता येते. सर्वसाधारण प्रश्नाला यंत्राचे उत्तर आणि माणसाचे उत्तर यांत भेद करणे कठीण जाते. वर सांगितलेला अनुभवनिष्ठ प्रश्न येथेही उपयोगी पडतो. त्याच्या उत्तरातील तपशील मूळ ग्रंथाशी ताडून पाहता येतो.

समारोप

तज्ज्ञमतसंकलन हे एका अर्थी आपल्या ज्ञानव्यवहाराचे छोटे प्रतिरूप आहे. कोणाला विचारावयाचे, काय विचारावयाचे, आणि न पटणारे उत्तर आले तर त्याचे काय करावयाचे, हे निर्णय विद्यापीठांतील चर्चासत्रांत आणि संपादित ग्रंथांतही घ्यावेच लागतात. तेथेही संदर्भोल्लेखांची संख्या निमंत्रणाचे निकष हळूहळू बदलू लागली आहे. म्हणून आपल्या विभागातर्फे अशी पृच्छा काढताना निमंत्रितांची यादी पूर्ण झाल्यावर ती एकदा उलट बाजूने वाचून पाहावी: या विषयाशी ज्यांचे आयुष्य जोडलेले आहे अशी कोणती नावे तिच्यात नाहीत, आणि ती का नाहीत? त्या नावांपर्यंत पोहोचण्यास लागणारे अधिकचे चार-सहा महिने हे संपादनाच्या कामाचाच भाग समजावेत.