घरगुती वायनरी बंद करताना घ्यावयाची काळजी

वायनरी तोट्यात गेल्यावर नुसते दार लावून भागत नाही. टाक्यांतील वाइन बिघडू लागते आणि कर्जाचे व्याज चढतच राहते. म्हणून देणी फेडण्याइतकी ऐपत शिल्लक आहे तोपर्यंतच निर्णय घेणे हिताचे होय.

माणगाव तालुक्यात पाऊस फार, त्यामुळे द्राक्षाची लागवड येथे किफायतशीर होत नाही. वाइन करावयाची तर जांभूळ, करवंद व काजूबोंडू या फळांवरच भिस्त ठेवावी लागते. तथापि धंदा आवरण्याचा धडा नाशिक जिल्ह्याकडून घेता येईल. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर तेथे अनेक लहान वायनऱ्या निघाल्या. पुढे २००८ सालची जागतिक मंदी व त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेलांतील खप घटला. कित्येक वायनऱ्या बंद पडल्या. वाइनची द्राक्षे बारीक व बियांची असल्याने खाण्यासाठी विकली जात नाहीत. परिणामी अनेक बागा उपटाव्या लागल्या.

बागायतदारांस पूर्वसूचना

काजूबोंडू झाडावरून पडल्यावर एक-दोन दिवसांतच नासते. ऐन हंगामात खरेदी थांबविल्यास बागायतदाराचे अतोनात नुकसान होते. यास्तव बंद करण्याचा निर्णय माघ महिन्यापूर्वी कळवावा व मागील फळांचे पैसे आधी चुकते करावेत.

साठ्याची व्यवस्था

शिल्लक साठा मोजून राज्य उत्पादन शुल्क विभागास लेखी कळवावा. विभागाच्या परवानगीशिवाय माल हलवू, विकू किंवा ओतून टाकू नये. अर्धवट भरलेल्या टाकीत हवा शिरून वाइन आंबट होते. म्हणून माल लहान टाक्यांत काठोकाठ भरून ठेवावा.

न विकली जाणारी वाइन, रीतसर परवाने मिळाल्यास, शिरका करण्यास वापरता येते. मद्यार्काचे प्रमाण शेकडा १२ असल्यास पाणी घालून ते ७ ते ८ वर आणावे. शिरक्यात ॲसिटिक आम्ल शेकडा ३.७५ पेक्षा कमी असू नये. हे काम विक्रीच्या वाइनपासून दूर करावे, अन्यथा तीही आंबेल. चोथा व गाळ ओढ्यात किंवा काळ नदीत सोडू नये. कुजताना तो पाण्यातील प्राणवायू शोषतो व मासे मरतात. शेण, भाताचा पेंढा व थोडा चुना मिसळून त्याचे कंपोस्ट करावे.

टाकी धुताना

आंबवणीत निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. आत दिवा जळतो एवढ्यावरून कोणीही आत उतरू नये. शक्य तो बाहेरूनच धुवावे. कोणी आत बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये. अशाने दुसराही जीव जातो.

सातबारा

यंत्रसामग्री तारण असेल तर बँकेच्या संमतीवाचून विकू नये. कर्ज फिटताच बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा आणि सातबाऱ्यावरील बोजा कमी झाल्याची नोंद स्वतः पाहावी. ती नोंद होईपर्यंत वायनरी खऱ्या अर्थाने बंद झाली असे समजू नये. कारण कागदावर राहिलेला बोजा पुढे मुलांना भातशेतीसाठी कर्ज मिळण्याच्या आड येतो.