एका मायक्रोसेकंदाची पन्नास मिनिटं

रेकॉर्डिंग करताना संगणक आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. दोन मापांतलं अंतर जेमतेम २१ मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात ध्वनी हवेतून सात मिलिमीटर सरकतो. माणसाच्या हिशेबी हा वेळ नसल्यासारखाच. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे त्यात ६२,५०० ठोके पडतात.

असा प्रत्येक ठोका एका सेकंदाचा मानू. मग आपला एक सेकंद ९५ वर्षांचा होतो आणि एक मायक्रोसेकंद ५० मिनिटांचा. ऑडिओ सॉफ्टवेअरमधल्या ‘रेस कंडिशन’ या, आधी कोण पोचतो यावर निकाल ठरणाऱ्या, चिवट दोषाकडे याच मापाने बघायला हवं, कारण ‘इतक्या कमी वेळात काय होणार?’ या समजुतीवरच तो तगून राहतो.

लिनक्सवरचं ‘जॅक’ घ्या. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेली ही व्यवस्था एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात पोचवते. प्रोग्राम वेगवेगळे, पण ध्वनीचे आकडे ठेवायची जागा सामायिक, म्हणजेच शेअर्ड मेमरी. एका खेपेला ६४ सॅम्पल, म्हणजे ६४ मापं, घेतली तर सगळ्यांचं काम १.३३ मिलिसेकंदांत उरकायला हवं, तेही सेकंदाला ७५० वेळा. एवढ्या घाईत आकड्यांच्या नकला करत बसणं परवडत नाही.

ही जागा आधी कुणीतरी तयार करावी लागते. नाव सांगून मागितली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, देतो ती शून्य बाइटची. तिची लांबी ठरवणं ही दुसरी पायरी, ती आपल्या प्रोग्रामला जोडून घेणं तिसरी, आत सुरुवातीची माहिती लिहिणं चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये एक मायक्रोसेकंद गेला असं धरू. म्हणजे आपल्या मापाने तब्बल ५० मिनिटं नाव आहे, पण जागा नाही! तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामने ती उघडली, जोडली आणि वाचायला गेला, की ‘बस एरर’ येऊन तो जागीच कोसळतो. लांबी ठरल्यावर, पण चौथ्या पायरीआधी आला तर कोसळत नाही, नुसती शून्यं वाचून पुढे जातो. ते मला जास्त घातक वाटतं.

दुसरा प्रोग्राम एका सेकंदाच्या आत केव्हाही येऊ शकतो असं मानलं, तर नेमकी गाठ पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. हा दोष ९५ टक्के खात्रीने एकदा तरी पकडायचा, तर सुमारे ३० लाख वेळा चालवून बघावं लागेल. सेकंदाला एकदा म्हटलं तरी अखंड ३५ दिवस. शिवाय प्रोग्राम असे कधीही, कसेही येत नाहीत. एकाच स्क्रिप्टमधून चार-पाच जण एकदम सुटतात, आणि जॅकचा सर्व्हर चालू नसेल तर पहिला येणारा तो स्वतःच सुरू करतो. पण असे ‘पहिले’ एकाच वेळी दोघेही असू शकतात.

वीस-वीस पायऱ्यांचे दोन प्रोग्राम एकमेकांत किती क्रमांनी गुंफले जातील? १३,७८४ कोटींहून जास्त. पन्नास-पन्नास पायऱ्या असतील तर एकावर २९ शून्यं. चाचण्यांनी हे संपणार नाही.

म्हणून ‘आहे का बघू, नसेल तर बनवू’ असं दोन टप्प्यांत विचारायचंच नाही. ‘नसेल तरच बनव’ ही एकच, न तुटणारी मागणी कर्नलकडे करायची. कितीही जण आले तरी एकच जिंकतो. बाकीच्यांना ‘आधीच आहे’ एवढं उत्तर मिळतं. त्यांनीही लगेच आत शिरायचं नाही. आधी लांबी पुरेशी होऊ द्यायची, मग ‘तयार’ ही खूण दिसेपर्यंत थांबायचं. ही खूण सगळ्यात शेवटी लिहायची, तीही अॅटॉमिक (न तुटणाऱ्या) आणि क्रम राखणाऱ्या पद्धतीने, कारण कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही लिहिण्याचा क्रम बदलू शकतात.

आणि जिंकलेलाच अर्ध्यात मेला तर? नाव मशीन बंद होईपर्यंत किंवा कुणी पुसेपर्यंत तसंच राहतं, आणि नंतर येणारे खूण उमटण्याची वाट बघत बसतात. म्हणून थांबण्याला मुदत हवी, आणि बनवणाऱ्याचा प्रोसेस क्रमांक नोंदलेला हवा, म्हणजे तो जिवंत आहे का ते तपासता येतं. पण लिनक्सवर हे क्रमांक एका मर्यादेतच (पूर्वी सहसा ३२,७६८ च्या आत) फिरतात, संपले की पुन्हा वापरले जातात. मेलेल्याचा क्रमांक भलत्याच प्रोग्रामला मिळालेला असू शकतो. तेव्हा क्रमांकाशेजारी तो प्रोग्राम सुरू झाल्याची वेळही लिहून ठेवावी.