कच्चा कैदी म्हणजे गुन्हेगार नव्हे

शेतकरी बंधूंनो, या पानावर एरवी आपण खत, बियाणं आणि फवारणीचं बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शिवाराबाहेरचा नाही. बांधाची कोर, पाण्याची पाळी, शेतात जायची वाट यावरून भाऊबंदांत जुंपते, फिर्याद होते आणि ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस आत जातो. तिफण धरायला कोणी उरत नाही, सोसायटीचं व्याज मात्र चालूच राहतं. पुढे तो निर्दोष सुटला तरी गेलेला हंगाम परत येत नाही.

खटल्याचा निकाल लागण्याआधी तुरुंगात असलेल्या अशा माणसाला कच्चा कैदी म्हणतात. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारांतले तीन जण शिक्षा न झालेले! गावात मात्र पोलिसांची गाडी दारात आली की माणसावर शिक्का बसतो. कायदा तसं मानत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत तो निर्दोषच.

पहिले चोवीस तास

अटक झाली की घरचे घाबरतात आणि कोणीतरी 'पुढाऱ्याला गाठा' म्हणतं. त्याआधी हक्क माहीत हवेत. अटकेचं कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. हे सगळं राज्यघटनेच्या २२ व्या कलमात लिहिलेलं आहे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेची रीत घालून दिली. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करायची. सरपंच, पोलीस पाटील यांनी सही करताना तारीख आणि वेळ नीट वाचावी. चोवीस तास तिथूनच मोजले जातात. कोठडीत मारहाण झाली असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तोंडाने सांगता येते. गप्प बसू नये.

जामीन झाला, जामीनदार कुठाय?

गरिबाचं घोडं अडतं ते इथे. न्यायालय जामीन मंजूर करतं, पण सातबारा, ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा माणूस मिळत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परजिल्ह्यात गेलेल्या मजुराची तर फारच ओढाताण होते.

याच दुखण्यावर १९७८ चा मोतीराम खटला आहे. मध्य प्रदेशातला हा गवंडी. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाचा जामीन नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट चुकीची ठरवून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुचवलं, की स्थानिक जामीनदारच हवा अशी अट घालू नये. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं.

जामीनपात्र गुन्ह्यात तर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. शिवाय गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम सरकारने भरावी, अशी केंद्राची योजना २०२३ साली आली. तिच्यासाठी जिल्हा समिती असते.

या मुदती लिहून ठेवा

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, दोषारोपपत्राची मुदत. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त, जन्मठेप वा फाशी असलेल्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६० दिवस. या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर जाग आली तर ही संधी गेली.

दोन, कलम ४७९. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर जामीन. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. म्हणजे सात वर्षांच्या गुन्ह्यात साडेतीन वर्षे, पहिलटकराला दोन वर्षे चार महिने. फाशी, जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे.

हे नियम उगाच आलेले नाहीत. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात उघड झालं, की बिहारमध्ये काही कच्चे कैदी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही जास्त वर्षे तुरुंगात पडून होते. शिक्षा मात्र कोणी सुनावलेलीच नव्हती.

आत असताना

कच्च्या कैद्याला पक्क्या कैद्यांपासून वेगळं ठेवायचं, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, नियमात राहून घरचं अन्न-अंथरूण घेऊ द्यायचं, हे इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातही होतं. सक्तमजुरी ही शिक्षा आहे. ज्याला शिक्षा नाही त्याला ती नाही. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. ते मूल कैदी नव्हे, त्याला दूध, औषध, शिक्षण मिळालंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावलं.

फिर्यादीवर अन्याय नाही का?

कोणी म्हणेल, ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. पण जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालतोच, आणि दोष ठरला तर शिक्षाही होते. निकालाआधीच शिक्षा भोगायला लावणं एवढंच कायद्याला नको आहे.

गावाने काय करावं?

कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, दूरध्वनी क्रमांक १५१००. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. ऐपतीच्या दाखल्यासाठी आलेल्या बाईला तलाठी, तहसील कचेरीने 'उद्या या' म्हणू नये. तुमचा एक दिवस म्हणजे आत त्याचा एक दिवस.

जामीनदार राहणं म्हणजे गुन्ह्याला पाठिंबा देणं नव्हे. तारखेला माणूस हजर राहील, एवढीच ती हमी. तो फरार झाला तर रक्कम अंगावर येते, म्हणून ओळखीच्या, भरवशाच्या माणसासाठीच राहा. पण अशा माणसासाठी मागे सरू नका. आणि तो येईपर्यंत त्याचं रान पडीक राहू देऊ नका. सावडीने नांगरट-पेरणी करून देणं आपल्याला नवीन नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरं. पण शेजाऱ्यावर ती चढायची वेळ आली तर त्याला एकटं पाठवू नये.