भस्मपरीक्षा आणि अवरक्त किरण

रेखापूर्ण, वारितर, अपुनर्भव या कसोट्या आपण गुरुजनांकडून शिकलो. बोटांच्या रेषांत शिरणारे भस्म किती सूक्ष्म असते, याचा शोध पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जसद भस्मातील काही कण नॅनो आकाराचे आढळले, आणि जस्ताच्या ऑक्साइडात प्राणवायू किंचित उणा होता. वसई-विरारहून पवई दूर नाही. तेथील ‘सैफ’ या उपकरण केंद्रात बाहेरचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. म्हणूनच ‘एफटीआयआर’ या अवरक्त वर्णपट परीक्षेविषयी आपल्या फार्मसीचालकांनी नीट जाणून घ्यावे.

ही परीक्षा कणाचा आकार मोजत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. केवळ या आलेखाच्या आधारे वेष्टनावर ‘नॅनो’ छापणे मला अप्रामाणिक वाटते. अणूंमधील बंध अवरक्त किरण कोठे शोषतात, एवढेच ती सांगते. पण तेही थोडके नव्हे.

शंखभस्माचे पाहा. कच्च्या शंखातील कॅल्शियम कार्बोनेट अरागोनाइट रूपात असते. त्याची १०८३ आणि ८६० या तरंगसंख्यांजवळची चिन्हे अग्निसंस्कारानंतर मावळतात आणि कॅल्साइटचे ८७५ जवळचे चिन्ह दिसते. अग्नी फारच तीव्र झाला तर कॅल्साइटचाही चुना होतो. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत तो ओलावा शोषतो आणि ३६४० जवळ टोकदार शिखर उमटते. अशा भस्माचा दाहक क्षारीपणा रुग्णाच्या जिभेला आधी कळतो! दोन घाण्यांतील हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पावसाळ्यात मात्र सावध असावे. भस्म ज्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून चकती दाबतात, तेच दमट असेल तर ३४०० आणि १६३० जवळ पाण्याची चिन्हे येतात. त्यांचा दोष भस्माला लागतो.

सर्वांत मोठा धोका रससिंदुराबाबत आहे. ४००० ते ४०० या नेहमीच्या पट्ट्यात पारद-गंधक बंध दिसतच नाही. तेव्हा आलेख स्वच्छ आला म्हणून पारा नाही असे समजू नये. अमेरिकेतील २००४ च्या ‘जामा’मधील अहवालात बोस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्या शंकेला उत्तर द्यायचे तर अणुशोषण किंवा आयसीपी-एमएस परीक्षाच हवी.

नमुना पाठविताना कच्चे द्रव्य, मधल्या पुटाचे भस्म आणि सिद्ध भस्म अशा तीन बाटल्या पाठवाव्यात; सोबत भावनाद्रव्य आणि पुटांची संख्या लिहावी. एकट्या सिद्ध भस्माच्या आलेखाची तुलना कशाशी करणार?