पाच कंदील, पाच धनी

उन्हाळ कांद्याने भरलेली ट्रॉली देवळा तालुक्यातल्या एखाद्या मळ्यातून निघते. ट्रॅक्टर बांधावरून डुलत उतरतो, शिवरस्त्याला लागतो, तिथून गावच्या अरुंद डांबरी रस्त्यावर येतो, मग रुंद रस्त्यावर, मग महामार्गावर, आणि देवळ्याच्या पाच कंदील चौकातून बाजार समितीकडे वळतो. चालवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, मळ्यातून सरळ बाजारात आलो. खरे तर तेवढ्या वेळात तो पाच वेगवेगळ्या धन्यांच्या हद्दीतून आलेला असतो. वाटेत फाटक नव्हते, नाका नव्हता, कुणी अडवलेही नाही. तरी हद्दी होत्या, आणि त्या आजही तिथेच आहेत.

मोजून पाहू. बांधावरच्या वाटेचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार ठरवतो, म्हणजे पहिला धनी महसूल खाते. गावाला जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, हा दुसरा. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे, हा तिसरा. राष्ट्रीय महामार्ग थेट केंद्र सरकारचा, हा चौथा. आणि गावातल्या गल्ल्या नगरपंचायतीच्या, हा पाचवा. चौकाचे नाव पाच कंदील आणि रस्त्यांचे धनीही पाच! योगायोगच, पण लक्षात ठेवायला किती सोपा.

हे धनी ओळखायचे कसे? उत्तर रस्त्याच्या कडेलाच उभे आहे, आपण त्याच्याकडे बघत नाही एवढेच. मैलाचा दगड आठवा. खाली पांढरा, वर रंगीत टोपी. टोपी पिवळी असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग. हिरवी असेल तर राज्याचा. काळी किंवा निळी असेल तर जिल्हा मार्ग. नारिंगी दिसली तर गावाकडचा, बहुधा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. सातबारा न उघडता, कचेरीत न जाता, चालत्या एसटीच्या खिडकीतून रस्त्याच्या मालकाचा अंदाज येतो!

त्याच दगडावरचा आकडा तर आणखी बोलका. देवळ्याहून जाणारा जुना विंचूर-प्रकाशा राज्य महामार्ग कसमादेतल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातल्या, प्रत्येकाच्या तोंडी आहे. आता इथून साक्री-शिर्डी राष्ट्रीय महामार्ग जातो, क्रमांक ७५२ जी. हा आकडा म्हणजे रस्त्याची वंशावळ आहे. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तीन आकडी क्रमांक असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे आणि पहिला आकडा शाखेचा. म्हणजे ७५२ हे ५२ चे लेकरू. आणि हा ५२ कोण? पंजाबातल्या संगरूरहून निघून जयपूर, इंदूर, धुळे, बीड, सोलापूर करत कर्नाटकातल्या अंकोल्याला अरबी समुद्राजवळ पोहोचणारा रस्ता. देवळ्याच्या दारातला डांबरी पट्टा पंजाबच्या गव्हापासून कोकणी माशापर्यंत नाते सांगतो!

आता खरा प्रश्न. रस्ता एकच, वापरणारे आपणच, मग इतके धनी कशाला? गावातून जाणारा सगळा रस्ता गावाकडेच का दिला नाही?

शंभर वर्षांपूर्वी तसेच करून पाहिले होते. १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनंतर रस्ते प्रांतांकडे गेले आणि त्यातले बरेचसे जिल्हा व नगर मंडळांच्या गळ्यात पडले. नेमक्या त्याच काळात मोटारी वाढल्या. बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेले रस्ते मोटारींखाली फुटू लागले आणि मंडळांच्या तिजोऱ्या रिकाम्या. तेव्हा १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीचे म्हणणे असे की रस्त्यांचा भार आता स्थानिक मंडळांना पेलणारा राहिलेला नाही, हे काम देशाचे आहे. पैसा कुठून आणायचा, तेही त्यांनी सांगितले. जो रस्ता वापरतो तो पेट्रोल जाळतो, मग पेट्रोलवरच जादा कर बसवा. गॅलनमागे दोन आणे! १९२९ मध्ये त्यातून रस्ते निधी उभा राहिला. आजचा केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी त्याच कल्पनेचा वारस. देवळ्यातल्या पंपावर तुम्ही गाडीत पेट्रोल भरता, तेव्हा त्यातला उपकर दिल्लीला जातो. दारातल्या महामार्गाचे पैसे तुम्ही आगाऊ भरलेले असतात.

आणि ही प्रतवारी, राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्रामीण, ही कुठे ठरली? आपल्या नागपुरात! डिसेंबर १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, देशभरातले मुख्य अभियंते तिथे जमले आणि स्वातंत्र्य मिळण्याआधीच त्यांनी देशाच्या रस्त्यांची उतरंड मांडली. रस्त्यांच्या इतिहासात ती नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. पुढे राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत घातले आणि बाकीचे रस्ते राज्यांच्या. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने तर सांगूनच टाकले की हे रस्ते केंद्राच्या मालकीचे, त्यांची देखभालही केंद्राची जबाबदारी. मात्र हे काम केंद्र राज्याकडून करवून घेऊ शकते. म्हणजे जमीन एकाची आणि वाट्याने कसणारा दुसरा. म्हणूनच महामार्गावरचा खड्डा कधी केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असतो, तर कधी राज्याच्या बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेचा.

पण जयकरांचे म्हणणे किती खरे होते, याचा पुरावा मिळाला तो अमेरिकेत. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ अभियंत्यांनी मुद्दाम रस्ते बांधले, ते मोडण्यासाठीच. लष्कराचे चालक दोन वर्षे त्यावरून ट्रक फिरवत राहिले, आसांच्या फेऱ्या भरल्या अकरा लाखांवर. निष्कर्ष निघाला तो थक्क करणारा. आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, चौपटही नाही. ती होते सोळा पट! झीज वजनाच्या चौथ्या घातासारखी वाढते. ढोबळ नियम आहे, पण त्याचा हिशेब करून पाहा. छोट्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन, भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. वीस पट वजन. झीज किती? वीस गुणिले वीस, गुणिले वीस, गुणिले वीस. एक लाख साठ हजार पट! एका ट्रकचा एक आस जेवढा रस्ता खातो, तेवढा खायला दीड लाखाहून जास्त मोटारींचे आस लागतील. आपल्याकडे २०१८ मध्ये चार चाकी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढले तेरा टक्क्यांच्या आसपास, झीज वाढली साठ टक्क्यांहून जास्त.

आता देवळ्याकडे पाहा. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक, उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीचे. आणि दारातून जाणारे ट्रक कुठले कुठले. रस्ता झिजवणारे वजन गावाचे नाही. मग देखभालीचे ओझे गावाने का उचलायचे? म्हणून धनी वेगळा असण्यात शहाणपण आहे. अडचण आहे ती धनी लांब बसतो आणि खड्डा दारात पडतो याची.

आणि खड्डा पडतो तरी कसा? वाटते की गाड्यांनी रस्ता फुटतो. गाड्या फक्त घण मारतात, घर फोडून आत शिरते ते पाणी. चांगला रस्ता हे जमिनीवर टेकवलेले छप्पर असते. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता, दर मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. साईडपट्टी वर आली, गटार तुंबले, की पाणी छपरावरच थांबते. केसाएवढ्या भेगेतून ते आत जाते. वरून ट्रकचे चाक आले की भेगेतले पाणी पिचकारीसारखे दाबले जाते आणि मागे येताना खालची बारीक माती घेऊन येते. शिवाय खडीला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे पाणी मिळताच ती डांबराला सोडून देते. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक दिवस खालचा आधार निसटतो आणि वरची पापडी आत बसते. आपण म्हणतो, काल रात्री खड्डा पडला. तो कित्येक महिने पडतच होता! पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली फावडे घेऊन साईडपट्टी तासत आणि चर मोकळे करत. वरवर साधे काम, पण ते छपराचे पन्हळ साफ ठेवत होते.

इथेच धन्यांचा गुंता कळतो. वरचे डांबर केंद्राचे. शेजारच्या वस्तीचे सांडपाणी नगरपंचायतीचे. खालून जाणारा नळ गावाचा, पण तो दुरुस्त करायला रस्ता खोदायचा तर परवानगी रस्त्याच्या मालकाची. गावाचा नळ गळला तर केंद्राचा रस्ता खचतो. महामार्गाचे गटार तुंबले तर गावातल्या दुकानांत पाणी शिरते. कागदावर हद्दी आहेत, पण पाणी हद्द ओळखत नाही.

रस्ता म्हणजे नुसते डांबरही नव्हे, त्याची कडही रस्ताच. २८ जानेवारी २०२० ला मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशीजवळ एसटी बस आणि रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. २६ माणसे गेली. कसमादेत ती तारीख कुणी विसरलेले नाही. कठडा, साईडपट्टी, वळणावरची पाटी ही देखभालीची किरकोळ कामे नाहीत. माणसांचे जीव त्यांच्या भरवशावर असतात.

मग गावाने काय करायचे? एक वाट मालकी बदलण्याची. रस्ता तसूभर न हलता त्याचा धनी शाईच्या एका ओळीने बदलू शकतो! सरकारी भाषेत त्याला रस्ता अवर्गीकृत करणे म्हणतात. २०२२ मध्ये मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग असेच एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे आले. मुंबईची तिजोरी मोठी, तिला ते झेपते. २०१७ मध्ये जळगावातले काही रस्ते असेच महापालिकेकडे वर्ग झाले, तेव्हा देखभालीचा खर्च कोण करणार यावरून शहर पेटले होते. देवळ्याने तो मार्ग मागू नये. बाह्यवळण रस्ता झाला आणि जुना तुकडा गावाला द्यायची वेळ आली, तर आधी तो एकदा पक्का सुधारून घ्यावा, मगच ताब्यात घ्यावा. तशी पद्धत आहे.

दुसरी वाट हक्काने मागण्याची, आणि तिला कायद्याचे भक्कम पाठबळ आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच जनहित याचिका झाली. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितले की चांगले रस्ते हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली.

पण तक्रार करायची तर पत्ता नेमका हवा. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट हीच की तो पत्ता रस्त्यावरच लिहिलेला असतो. दर किलोमीटरला दगड असतोच, त्यांच्या मध्ये दर दोनशे मीटरला २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगडही असतात. म्हणजे शेकडो किलोमीटरच्या महामार्गावरचा कुठलाही खड्डा दोनशे मीटरच्या आत नेमका सांगता येतो. ‘आमच्या गावाजवळ खड्डा आहे’ या अर्जाला फाईलमध्ये झोप लागते. ‘महामार्ग क्रमांक अमुक, किलोमीटर अमुक, दगड ६ च्या पुढे, उजवी साईडपट्टी खचली’ असा अर्ज आला की कार्यकारी अभियंत्याला ती जागा आपल्या हद्दीत नाही असे म्हणता येत नाही. असा एक अर्ज, त्याला नगरपंचायतीच्या ठरावाची जोड आणि हातात पोच, एवढ्याने लांबचा धनी दारात येतो.

उद्या रस्त्याने जाल तेव्हा दगडाची टोपी बघा, आकडा वाचा आणि लिहून घ्या. रस्त्याचा धनी कुणीही असो, त्याला जाग आणण्याचे काम रस्त्यावर राहणाऱ्यांचेच आहे.