कार्बाइडची बंदूक नको. हळद-सोड्याची जादू घरीच करून बघा

सुट्टी लागली की पोरांना काहीतरी 'धमाका' पाहिजे असतो. मोबाईलवर पाइपच्या बंदुकीचे व्हिडिओ सहज सापडतात. पीव्हीसी पाइप, गॅसचं लायटर अन् कार्बाइडचे खडे, झाली बंदूक! शेतात माकडं, पाखरं हुसकवायला वापरतात ती हीच. पण हे खेळणं नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत अशा बंदुकीनं शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बहुतेक लहान मुलं होती. काहींची तर नजरच गेली.

नेमकं होतं काय?

कार्बाइडच्या खड्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो. गॅस वेल्डिंगवाले वापरतात तोच हा वायू. हवेत थोडा असो की जास्त, ठिणगी मिळाली की भडकतो. बऱ्याचदा बार लगेच उडत नाही. मग पोरगं पाइपात डोकावून बघतं, अन् नेमका त्याच वेळी भडका उडतो. आगीसोबत कार्बाइडचे कण आणि त्यापासून तयार झालेला चुनाही डोळ्यात जातो. चुना डोळ्याला आतून जाळत जातो, म्हणून जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असते.

फळं पिकवायला कार्बाइड वापरायला कायद्यानं बंदी आहे. तरीही कुठं पुडी पडून असेल तर ती कोरडी, बंद डब्यात आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गटारात किंवा पाण्यात अजिबात टाकू नका.

मग पोरांना दाखवायचं काय?

रसायनशास्त्राची खरी गंमत स्वयंपाकघरातच आहे. मोठं माणूस जवळ बसलं की झालं.

१) हळदीचं गुप्त पत्र : हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि वाळू द्या. कापसाच्या बोळ्यानं साबणाच्या पाण्यात नाव लिहा. अक्षरं लाल उमटतील. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी! हळदीतला रंग क्षार लागला की लाल होतो अन् आंबट लागलं की मूळ रंगावर येतो. सदऱ्यावरचा हळदीचा डाग कपड्याच्या साबणानं लाल का होतो, त्याचं उत्तर हेच. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर चालते.

२) जास्वंदीचं पाणी : लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, रंग गडद गुलाबी होईल. दुसऱ्यात खायचा सोडा टाका, रंग हिरवटाकडे झुकेल. शाळेत ॲसिड-अल्कली शिकवतात ते हेच.

३) न फुंकता फुगा : बाटलीत थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. फुग्यात चमचाभर खायचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि सोडा आत पाडा. कार्बन डायऑक्साइड तयार होतो अन् फुगा फुगतो. बाटलीला झाकण मात्र कधीही घट्ट लावू नका, ती फुटू शकते.

टाकाऊतून खेळणी

आयआयटी कानपूरला शिकलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या यांपासून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. पोरांच्या हातात मोबाईल जातोच, तर बंदुकीऐवजी हे शोधून द्या.

डोळ्यात काही गेलं तर

- डोळा चोळू देऊ नका.
- कार्बाइडचे कोरडे कण चेहऱ्यावर असतील तर आधी झटकून काढा.
- लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून किमान १५ ते २० मिनिटं धुवा.
- तूप, दूध, गुलाबपाणी, घरातले जुने ड्रॉप्स यातलं काहीही घालू नका.
- डोळा धुऊन झाला की वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुडीलाही हेच लागू आहे. खेळता खेळता पुडी दाबली जाते अन् चुना थेट डोळ्यात उडतो. पुडी लहान असली तरी ती पोरांपासून लांबच ठेवा.